अर्ध्या लिंबाची चोरी

आमच्या स्वयंपाकघरातून लिंबं नाहीशी व्हायला लागली, तेव्हा माझा पहिला संशय उंदरावर गेला. उंदीर लिंबू खात नाही हे मलाही कळतं. पण घरात माणसं तीनच. एक मी, दुसरी माझी लेक, आणि तिसरा माझा जावई. लेक लिंबू बघूनच तोंड वाकडं करते. आणि जावयाला चोर म्हणायचं तर जीभ धजावेना, म्हणून आळ उंदरावर आला.

मी सकाळी गरम पाण्यात अर्धं लिंबू पिळते. उरलेलं अर्धं बशीत उपडं घालून वर वाटी ठेवते, दुसऱ्या दिवसासाठी. वाटी जागच्या जागी असायची आणि आत लिंबू नसायचं. वाटी पुन्हा झाकून ठेवणारा उंदीर मी तरी पाहिलेला नाही. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "आई, अर्ध्या लिंबावरून घर डोक्यावर घेऊ नकोस." मी घेतलंच. त्या अर्ध्या लिंबापायी पुढे माझ्या जावयाचा उजवा डोळा जायची वेळ आली, त्यामुळे मी उगीच घर डोक्यावर घेतलं असं आता कुणी म्हणत नाही.

जावई न्हावी आहे. खाली त्याचं दुकान, वर आमचं घर. दुकानाच्या खिडकीशी माझं शिवणयंत्र. झिप बदलणं, पँट आखूड करणं, रफू, असली कामं मी तिथे बसून करते. एका खुर्चीचं दुकान आहे, पण त्याचा थाट बघावा. कंगवे निळ्या औषधी पाण्यात बुडालेले, टॉवेल उकळून घडी केलेले, आणि वस्तऱ्याचं पातं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पाकीट फाडून काढलेलं. एकाचे केस झाडल्याशिवाय दुसऱ्याला खुर्चीत बसू देणार नाही, मग तो दुसरा कितीही घाईत असो. गल्लीने त्याचं नाव चकाचक ठेवलं. लग्न ठरलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं, न्हावी म्हणून नव्हे, तर एवढ्या स्वच्छ माणसाबरोबर माझी पसारेवाली लेक कशी निभावणार म्हणून. निभावली. तो तिच्यामागे आवरत गेला.

जावयाला अहो-जाहो करायचं, हे मी लग्नापासून पाळत आले होते. तोंडाने 'जावईबापू, तुम्ही' आणि मनात 'हा'. इथे मी मनातलंच लिहिणार आहे.

एका सकाळी त्याला हुडहुडी भरून ताप आला. दात वाजत होते, अंगावर पांघरुणं टाकली तरी थांबेना. दोन दिवसांत ताप उतरला आणि आम्ही विसरलो. मग त्याच्या डोक्यात फोड आले. आधी केसांत, मग दाढीत. टपोरे, दुखरे, हात लावू देईना. न्हाव्याच्याच डोक्यात फोड म्हटल्यावर गिऱ्हाइकं काय गप्प बसतात?

"चकाचक, स्वतःचं डोकं कुणाकडे दिलं होतंस रे?" कोपऱ्यावरचा मास्तर म्हणाला. "त्या दुकानाचं नाव सांग, म्हणजे आम्ही टाळू."

सगळे हसले. हाही हसला, पण कान लाल झाले होते. त्याने दोष टॉवेलांना दिला. होते नव्हते तेवढे टॉवेल पुन्हा उकळले, दाढीचा ब्रश फेकला, साबण बदलला. मी यंत्रावरून बघत होते आणि मला त्याची कीव येत होती. ज्या गोष्टीचा त्याला अभिमान होता तिलाच कुणीतरी काळं फासल्यासारखं झालं होतं त्याला.

फोड बसतात न बसतात तोच आरशाचं प्रकरण सुरू झालं. दुकानाचा आरसा भिंतभर आहे. मी त्याच्याकडे शक्यतो बघत नाही. माझ्या हनुवटीवर एक केस उगवतो, जाड आणि काळा. तो मी माझ्या हातआरशात बघून चिमट्याने उपटते, आणि हे जगात कुणाला ठाऊक नाही अशी माझी समजूत होती. तर त्या मोठ्या आरशावर जावयाला एक डाग दिसायला लागला. कागदाने पुसला. ओल्या फडक्याने पुसला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचं तसंच ठेवून हा फडकं घेऊन आरशाकडे.

"आई, इथे बघा बरं. करडा ठिपका. दिसतो ना?"

"मला तर आरसा लख्ख दिसतोय, जावईबापू."

"इथे, इथे. आता इकडे सरकला."

डाग सरकतो म्हटल्यावर मी उठले. त्याच्या शेजारी उभी राहिले. म्हटलं, एक डोळा मिटा. त्याने उजवा मिटला आणि म्हणाला, "गेला." मग डावा मिटला. हातातलं फडकं त्याने घडी करून ठेवलं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

बाजाराजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. आत सूज आहे म्हणाले आणि सूज उतरवायचे थेंब दिले. थेंबांनी लाली गेली, दुखणं कमी झालं, आम्ही खूश. आठवडा जातो न जातो तोच डोळ्यापुढे धुकं आलं. चहा ओतताना कपाच्या बाहेर ओतायला लागला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चाचपडायला लागला. आणि एक दिवस मास्तराच्या कानाला वस्तरा लागला. नुसता ओरखडा, रक्ताचे दोन थेंब. मास्तर बिचारा म्हणाला, "अरे, कान आहेत दोन, एक ठेवलास तरी पुरे." पण याने वस्तरा धुतला, पुसला, डबीत ठेवला आणि डबी फळीवर सगळ्यात वर ठेवून दिली. त्या दिवसापासून नुसतं यंत्राने केस कापणं. दाढीला कुणी आलं की म्हणायचा, "आज नको."

ज्याचं पोट हातातल्या वस्तऱ्यावर, त्याचा एक डोळा गेला तर काय राहिलं? दोन्ही डोळे लागतात, नाहीतर गाल किती लांब आहे तेच कळत नाही, हे त्यानेच मला एकदा सांगितलं होतं. लेकीचा चेहरा उतरला होता. ती बस डेपोत तिकीटखिडकीवर काम करते; तिने रजा मागितली, मिळाली नाही. त्यामुळे मोठ्या इस्पितळात त्याला घेऊन जायची जबाबदारी माझ्यावर आली.

निघताना तो वरून ओरडला, "आई, डॉक्टरांचे कागद खालच्या टेबलात आहेत. वरच्या कप्प्यात."

वरच्या कप्प्यात कागद होते. पण एखादा कप्पा उघडू नकोस असं कुणी सुचवलं की माझा हात नेमका तिथेच जातो. खालचा उघडला. पुढे टॉवेल. टॉवेलांमागे एक चपटी डबी. डबीत माझं लिंबू! अर्धं, कडेने वाळलेलं, कापलेल्या बाजूला मखमल चढल्यासारखी पांढरी बुरशी. आणि त्याच्याखाली माझा हरवलेला चहाचा चमचा, बुडाला काळा झालेला.

मला वाटलं, सापडला चोर. हा माणूस डोक्यातल्या फोडांवर लिंबू तापवून चोळतोय. कुणीतरी गिऱ्हाइकाने सांगितला असेल असला आचरट उपाय. दवाखान्याचा दिवस म्हणून मी तोंड बंद ठेवलं, पण रस्ताभर आतल्या आत धुमसत होते.

इस्पितळातली डॉक्टरीण तरुण, बारीक केस कापलेली. केस कसे कापलेत, हे जावयाने त्या धुकट डोळ्यांनीही निरखलं असणार. तिने त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली, प्रकाश पाडून बराच वेळ पाहिलं. मग विचारायला लागली. साखर आहे का? कधी मोठं आजारपण? ऑपरेशन? सलाईन? कसलीही इंजेक्शनं?

"नाही," तो म्हणाला. प्रत्येक प्रश्नाला नाही. आणि प्रत्येक वेळी त्याची नजर माझ्याकडे.

"मग मी सुजेचंच औषध वाढवते," ती म्हणाली. "जोरदार देऊ. पण एक आहे. आत दुसरं काही असेल, जंतू किंवा बुरशी, तर या औषधाने ते आणखी माजेल आणि डोळा हातचा जाईल. म्हणून पुन्हा विचारते, सांगायचं काही राहिलंय का?"

"नाही."

मला वाटलं, आता बोलायची माझी पाळी.

"डॉक्टर, यांना एवढं सांगा," मी म्हटलं, "लिंबू चोळून फोड जात नाहीत. माझी लिंबं संपवली यांनी. एक तर बुरसटलेलं, तेही कप्प्यात जपून ठेवलंय. चमचासुद्धा जाळला माझा."

जावई पांढराफटक पडला. डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं.

"कसले फोड, आजी?"

मला नातवंड नाही, तरी मी आजी हे ऐकून घेतलं. म्हटलं, डोक्यातले. दाढीतले.

"त्याच्या आधी ताप आला होता का? थंडी वाजून?"

"आला होता की. दात वाजत होते."

ती खुर्ची पुढे ओढून त्याच्यासमोर बसली. आवाज एकदम मऊ केला. मला म्हणाली, "आजी, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का?"

मी पिशवी उचलली. काय चाललंय ते मला कळत नव्हतं, पण काहीतरी मोठं आहे एवढं कळत होतं. दारापर्यंत पोचले तेव्हा तो म्हणाला, "राहू दे डॉक्टर. आईंना बसू दे. आता घरी जाऊन वेगळं सांगायची ताकद नाही माझ्यात."

आणि त्याने शर्टाची बाही वर केली. तो ऐन उन्हाळ्यातही लांब बाहीचा शर्ट घालायचा, आणि मी लोकांना सांगायचे की आमच्या जावयाला नीटनेटकं राहायची आवड. कोपराच्या आतल्या बाजूला सुयांचे व्रण होते. एके ठिकाणी गाठ आली होती, निळसर. तो गर्द घेत होता, नशेची पूड. सुईने.

खांद्यापासून सुरू झालं, म्हणाला. दिवसभर हात वर धरून खांदा आखडला होता, दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या, गोळ्यांनी भागेना. मग एका जुन्या ओळखीच्या माणसाने पुडी दिली. आधी धूर, मग सुई. ती तपकिरी पूड पाण्यात विरघळत नाही म्हणून त्यात काहीतरी आंबट लागतं. ते आंबट म्हणजे माझं लिंबू, आणि ते सगळं तापवायला माझा चमचा.

"पण डॉक्टर, सुई मी दर वेळी नवी घ्यायचो," तो कळवळून म्हणाला. "एकदाही जुनी नाही. कुणाची उष्टी तर नाहीच नाही. हात धुऊन, कातडी पुसून. तुम्ही माझं दुकान बघा हवं तर."

त्या क्षणी मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"सुई स्वच्छ होती, हे चांगलंच केलंत," डॉक्टरीण म्हणाली. "नाहीतर आणखी काही मागे लागलं असतं. पण लिंबात बुरशी होती. पोटात गेली असती तर फारसं काही झालं नसतं. तुम्ही ती सरळ रक्तात सोडलीत. ताप तिचा, फोड तिचे, आणि डोळ्यातला डागही तिचाच असणार. आता मी सुजेचे थेंब बंद करते. आजच भरती व्हा."

"डोळा वाचेल?" मीच विचारलं.

"काल आला असतात तर बरं झालं असतं. उद्या आला असतात तर वाईट. आज आलात," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे बघून जरा हसली. "आणि लिंबाचं बोललात."

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं भरतीच्या कागदांची वाट बघत बसलो. त्याने मान खाली घातली होती.

"आई, बोला ना काहीतरी. शिव्या द्या."

"देणार आहे," मी म्हटलं. "आधी तू बरा हो, मग सवडीने देते."

लग्नापासूनचं 'तुम्ही' तिथे बाकावर राहिलं ते राहिलंच. त्यालाही ते जाणवलं असावं, कारण तो रडायला लागला. मी रुमाल दिला आणि उजव्या डोळ्याला लावू नकोस म्हणून दटावलं.

लेकीला सांगायचं काम त्यानेच केलं. ती डेपोतून तशीच गणवेशात वॉर्डात धावत आली होती. त्याने एका दमात सांगून टाकलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. ती म्हणाली, "म्हणून दार लावून बसायचास? म्हणून लांब बाह्या?"

"हो."

"मला वाटलं दुसरी बाई आहे." तिने ओढणीने तोंड पुसलं. "बाई असती तर निदान तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. आता या पुडीचं काय उपटू मी?"

आणि ती हसायला लागली, हसता हसता ढसाढसा रडली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने चादर तोंडावर ओढून घेतली. मी खरं सांगते, त्या रडण्याने मला बरं वाटलं. कितीतरी महिने ती आतून पोखरली जात होती आणि मला वाटायचं डेपोतल्या कामाचा ताण आहे. आता निदान कशाशी भांडायचं ते तिला कळलं होतं.

डोळ्यातलं पाणी काढून तपासलं, त्यात बुरशी निघाली. मग औषध थेट डोळ्यात टोचायचं ठरलं. इतके महिने स्वतःला सुया टोचून घेणारा हा वीर, डोळ्यासमोर सुई आली तसा भोवळ येऊन आडवा झाला. नर्स म्हणाली, असे बरेच होतात. थेंब टाकून डोळा बधिर करतात, दुखत नाही, पण दिसतं ना! दुसऱ्या वेळी मी हात धरून बसले. माझी बोटं त्याने इतकी आवळली की आठवडाभर सुईत दोरा ओवता येईना.

छातीचीही तपासणी केली. ती बुरशी हृदयाच्या झडपांवरही जाऊन बसते, असं डॉक्टरीण म्हणाली होती. ते ऐकल्यापासून आमची पाचावर धारण बसली होती. हृदय स्वच्छ निघालं. डावा डोळाही स्वच्छ. माझा जीव भांड्यात पडला आणि मी इस्पितळाच्या उपाहारगृहात जाऊन दोन कप चहा एकापाठोपाठ प्यायले, लिंबू नको असं तीनदा बजावून.

वॉर्डात एक गृहस्थ यायचे, काठी टेकत. व्यसनमुक्तीच्या विभागात लोकांशी बोलायचं त्यांचं काम. त्यांनीही एके काळी हेच केलेलं. जावई त्यांनाही सुईचंच सांगत बसला, नवी सुई, दर वेळी नवी.

"सुईचं पटलं हो," काठीवाले म्हणाले. "पण पुडीत काय होतं ते सांगता येईल का तुम्हाला?"

"गर्द."

"गर्द किती आणि बाकीचं काय? विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याच्या आधीच्या चार हातांनी आपापलं काहीतरी मिसळलेलं असतं. डोकेदुखीच्या गोळ्यांचा भुगा, पीठ, अंगाला लावायची पावडर. कधी जनावराला गुंगी आणायचं औषध. ते शिरेत जातं आणि विरघळत नाही, मग जिथे वाट अरुंद होते तिथे अडकून बसतं. फुप्फुसात, नाहीतर माझ्यासारखं इथे." त्यांनी काठी पायावर आपटली. "माझीही सुई नवीच होती त्या दिवशी."

जावई नंतर बराच वेळ छताकडे बघत पडला होता. त्याला कसलं दुःख झालं होतं ते मला कळत होतं. साऱ्या गल्लीची पाती बदलणाऱ्या माणसाने कुणाकुणाच्या हातचा कचरा आपल्या रक्तात घेतला होता, आणि सुई चकाचक आहे म्हणून खूश होता. मी म्हटलं, "जाऊ दे आता. टॉवेलांना फुकट उकळलंस, त्यांची माफी माग." तो हसला. भरती झाल्यापासून पहिल्यांदा.

घरी आला तो गोळ्यांची पिशवी घेऊन. शिवाय रोज सकाळी त्या विभागात जाऊन जिभेखाली औषध ठेवायचं, त्याने तलफ आवरते. मध्ये एकदा घसरला. मी लपवणार नाही, कारण त्यानेही लपवलं नाही. दुसऱ्याच सकाळी स्वतः काठीवाल्यांकडे गेला आणि मग घरी येऊन आम्हा दोघींना सांगितलं. लेकीने त्या दिवशी भांडी जरा जोरात घासली. पण रात्री त्याच्या ताटात वाढताना हात आखडता घेतला नाही. लिंबांना तिने घरात बंदी घातली होती. काठीवाले ऐकून हसले, म्हणाले, अहो, लिंबाने काय घोडं मारलंय? बंदी उठली.

डोळ्यातलं धुकं हळूहळू उतरत गेलं. डॉक्टरिणीच्या तक्त्यावरची अक्षरं तो खालच्या ओळींपर्यंत वाचायला लागला. कडेला एक पुसट सावली राहील, ती राहणारच, बाकी काम करायला हरकत नाही, असं ती म्हणाली. आम्ही दोघी आनंदाने वेड्या झालो. पण वस्तऱ्याची डबी फळीवरून खाली येईना. दुकान उघडायचं, यंत्राने केस कापायचे, आणि दाढीला आलेल्याला पुढच्या गल्लीत पाठवायचं. मास्तर तर दाढी वाढवूनच बसला, म्हणाला, मी दुसरीकडे जाणार नाही, माझ्या कानाला तुझी सवय झालीय.

"तक्ता वाचणं वेगळं," जावई मला म्हणाला. "तक्त्याला रक्त येत नाही, आई."

मग त्याने फुगे आणले आणि त्यांच्यापुरती डबी खाली काढली. शिकाऊ न्हावी म्हणे असेच शिकतात. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने फेस उतरवायचा. हात चुकला की फुगा फुटतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की हा फुग्याची दाढी करत बसायचा. फाट्! मी यंत्रावर दचकायचे, टाका वाकडा. पुन्हा फाट्! आरसाभर फेस. तो आरसा पुसायचा आणि दुसरा फुगा फुगवायचा. समोरच्या दुकानातून विचारणा झाली की आमच्याकडे कुणाचा वाढदिवस आहे का.

मग फाट् ऐकू येणं कमी झालं. मग एक आख्खी दुपार माझा एकही टाका वाकडा गेला नाही. मी वळून पाहिलं तर फळीवर लख्ख पुसलेले फुगे ओळीने बसलेले. तरी माणसाच्या गालाला हात लावायची त्याची छाती होईना. फुगे बघत उभा होता, वस्तरा हातात आणि हात लोंबता.

मी यंत्र थांबवलं. उठले आणि जाऊन त्याच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते.

"आई? काय झालं?"

"दुकानाचं दार ओढून घे. आणि हे बाहेर कुणाला सांगितलंस तर याद राख," मी म्हटलं. "माझ्या हनुवटीवर एक केस आहे. चिमट्याने काढून काढून कंटाळले. तो काढ."

त्याने दार ओढलं. माझ्या गळ्याशी टॉवेल खोचला, उकळलेला, कडक. नवं पातं आणलं, माझ्या डोळ्यांसमोर पाकीट फाडलं. बोटावर फेस घेऊन हनुवटीला लावला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. भीती वाटत होती, ती वस्तऱ्याची नव्हती. त्याचा हात थरथरला तर हा वस्तरा पुन्हा कधीच खाली काढणार नाही, ही ती भीती.

त्याने माझी हनुवटी वर केली, उजेडाकडे वळवली. वाकला आणि डावा डोळा मिटून घेतला, नुसत्या उजव्याने बघत राहिला. पातं कातडीला टेकलेलं मला कळलंच नाही, नुसता गारवा लागला.

"हा गेला," तो म्हणाला. पण वस्तरा बाजूला घेतला नाही. आणखी जवळ वाकला. "आई, एक नाही, दोन आहेत."

"दुसरा कुठला? एकच आहे."

"आहे. काळ्याच्या जरा खाली. पांढरा आहे, एकदम बारीक."

चष्मा लावून, हातआरसा खिडकीशी धरून, रोज बघणाऱ्या मला तो केस कधी दिसला नव्हता. तो त्याला त्या डोळ्याने दिसला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि फेसात उतरलं.

वस्तरा जागच्या जागी थांबला. "लागलं का, आई?"

"नाही रे," मी म्हटलं. "तू बोलू नकोस. काढ तोही."

त्याने तोही काढला.